डाळिंबाच्या गांवीं हिंवाळ्यांत

घरांत एखादें लग्न ठरलें म्हणजे जितकीं मतें निघतात, तितकींच दूरच्या प्रवासाचा बेत निघाला असतां निघतात, असा आमचा अनुभव आहे. कोणास बर्फ पाहावयाचें असतें, कोणास चित्रें, कोणास बाजारपेठ. आणि कोणाच्या मनांत एवढाच प्रश्न असतो कीं तेथें सकाळचा चहा वेळेवर मिळेल काय? या सर्वांचें समाधान करावयाचें म्हणून जो बेत तयार होतो त्यांत नऊ दिवसांत सात शहरें येतात, व परत आल्यावर कोणत्या शहरीं काय पाहिलें याचा निर्णय छायाचित्रांवरून करावा लागतो. गेल्या कांहीं महिन्यांत तीन वाचक-कुटुंबांनीं आम्हांस विचारलें आहे कीं, युरोपच्या दक्षिणेकडील एखादें जुनें गांव हिंवाळ्यांत पाहावें असें मनांत आहे, तरी बेत कसा करावा? तिघांसही एकत्रच उत्तर द्यावें या हेतूनें यंदाचा लेख लिहीत आहों.

आमचें उत्तर थोडक्यांत असें. एकच गांव घ्यावें. तें स्पेनच्या दक्षिणेस असलेलें ग्रानादा हें घ्यावें. आणि विमान, बिऱ्हाड, कपडे, फराळ या सर्वांच्या आधीं तेथील एका राजवाड्याची एक वेळ निश्चित करावी. बाकीचा बेत त्या वेळेभोंवतीं आपोआप बसतो. उलट क्रमानें गेल्यास काय होतें तें पुढें सांगणारच आहों.

‘ग्रानादा’ या शब्दाचा स्पॅनिश भाषेंत अर्थ डाळिंब. नगराच्या राजचिन्हांत डाळिंब आहे, आणि रस्त्याच्या कडेच्या लोखंडी खुंटांवरसुद्धां आहे. हें गांव समुद्रसपाटीपासून सुमारें ७०० मीटर उंचीवर, सिएरा नेवादा नांवाच्या पर्वताच्या पायथ्याशीं वसलें आहे. या नांवाचा अर्थच ‘हिमाच्छादित पर्वतरांग’. तिचें मुलासेन हें शिखर जवळजवळ ३,४८० मीटर उंच आहे. इ. स. १२३८ मध्यें नासरी वंशाचा पहिला महंमद येथें येऊन राहिला, तेव्हांपासून १४९२ पर्यंत, म्हणजे सुमारें अडीचशें वर्षें, ही त्या वंशाची राजधानी होती. त्या द्वीपकल्पांतील हें शेवटचें मुसलमानी राज्य. त्या सुलतानांनीं टेकडीवर बांधलेला लाल भिंतींचा किल्ला, महाल व बागा मिळून जें स्थान होतें तेंच जगप्रसिद्ध अल्हांब्रा.

उन्हाळ्यांत येथें पारा पस्तिसाच्या वर जातो व माणसांस माणसें लागतात. हिंवाळ्यांत गर्दी बरीच कमी असते, हवा स्वच्छ असते, आणि लाल भिंतींच्या पाठीमागें पांढरा पर्वत उभा असतो. वडील माणसांस चालावयास हाच काळ बरा. मात्र ‘गर्दी कमी’ याचा अर्थ ‘तिकीट केव्हांही मिळेल’ असा नव्हे. हाच अर्थ आम्हीं तीन वर्षांपूर्वीं केला होता, आणि त्याचें प्रायश्चित्त आमच्या थोरल्या बंधूंस भोगावें लागलें.

दादा हे इतिहासाचे शिक्षक. विद्यार्थिदशेंत कोणत्या तरी जुन्या पुस्तकांत त्यांनीं अल्हांब्रांतील सिंहांच्या चौकाचें एक अंधुक चित्र पाहिलें होतें, तें त्यांच्या मनांतून कधीं गेलें नाहीं. आमचा पुतण्या नोकरीनिमित्त जर्मनींत असतो. त्यानें दादा, वहिनी, आम्ही व आमच्या सौभाग्यवती अशा चौघांस जानेवारीच्या पहिल्या आठवड्यांत ग्रानादास नेण्याचें ठरविलें. नोव्हेंबरच्या आरंभीं त्यानें फोनवर विचारलें, “काका, महालाचीं तिकिटें कोणत्या दिवसाचीं काढूं?” आम्हीं सबुरीनें घेण्यास सांगितलें. पहिल्या दिवशीं विश्रांति घ्यावी कीं दुसऱ्या, एकादशीस चढ चढावा कीं नाहीं, सौभाग्यवतींच्या भाचीच्या लग्नाची तारीख पक्की होते कीं नाहीं, या वाटाघाटींत सहा आठवडे गेले. डिसेंबरच्या अखेरीस आम्हीं दिवस कळविला तेव्हां आमच्या मुक्कामांतील एकाही दिवसाचें महालाचें तिकीट शिल्लक नव्हतें. बागा व किल्ला यांचींच काय तीं मिळालीं. दोष सर्वस्वी आमचा होता.

तेथें गेल्यावर दादा महालाच्या दाराशीं रांगेजवळ बराच वेळ उभे राहिले. अर्ध्या अर्ध्या तासानें एकेक टोळी आंत जात होती. एक शब्द न बोलतां ते मागें फिरले व शेजारच्या पांचव्या चार्ल्स बादशहाच्या वाड्यांतील वर्तुळाकार चौकांत जाऊन बसले. तेथें जाण्यास तिकीट लागत नाहीं. त्या संध्याकाळीं पुतण्यानें शोध करून शुक्रवारच्या रात्रींचीं दोन तिकिटें मिळविलीं. माणसें पांच, तिकिटें दोन! दादा आणि वहिनींनीं जावें असें आम्ही सर्वच म्हणालों. परंतु तिकिटावर नांवें घालण्यापूर्वीं दादा म्हणाले, “आजवर आपण पाहून यावयाचें व घरांतल्या बायकांनीं ऐकावयाचें, असें चाललें. आज त्यांनीं पाहावें, आपण ऐकूं.” त्याप्रमाणें वहिनी व आमच्या सौभाग्यवती गेल्या.

साडेनवानंतर त्या दोघी परतल्या तेव्हां थंडीनें त्यांचीं नाकें लाल झालीं होतीं. वहिनी म्हणाल्या, “भावजी, एका चौकांत लांबच लांब हौद आहे. पाणी इतकें स्थिर कीं समोरचा बुरूज त्यांत उलटा उभा होता, आणि खरा कोणता हें क्षणभर कळेना.” दादा मध्यरात्रीपर्यंत प्रश्न विचारीत होते. सिंह बारा, हें सौभाग्यवतींनीं मोजून आणलें होतें. खांब मोजतांना तिसाच्या पुढें त्यांचा हिशेब चुकला. “एकशें चोवीस,” दादा म्हणाले. आंत न जातां त्यांस तें ठाऊक होतें, व ज्या पाहून आल्या त्यांस तें ठाऊक नव्हतें. या गोष्टीवर आम्ही सर्व हंसलों, पण आमच्या मनाला ती लागून राहिली.

म्हणून पहिला नियम तिकिटाचा. अल्हांब्राच्या दिवसाच्या सर्वसाधारण तिकिटांत तीन भाग येतात : अल्कासाबा म्हणजे जुना किल्ला, हेनेरालिफे म्हणजे टेकडीवरील उद्यान व उन्हाळी वाडा, आणि नासरी महाल. यांपैकीं महालास ठरलेली वेळ असते व तिकिटावर छापिलेल्या वेळींच दाराशीं हजर असावें लागतें. महाल वगळून फक्त बागा व किल्ला यांचें वेगळें तिकीट असतें. तें पाहून ‘मिळालें एकदांचें’ असें समजूं नये. तिकीट ज्याच्या त्याच्या नांवानें निघतें, आणि दाराशीं पारपत्र दाखवावें लागतें. म्हणून नांवें पारपत्रांत असतील तशींच अक्षरशः द्यावींत. विक्री कित्येक महिने आधीं सुरू होते. ती अधिकृत ठिकाणींच करावी. मध्यस्थाकडून घेतल्यास दर वाढतो. सध्यांच्या व्यवस्थेप्रमाणें १५ ऑक्टोबर ते ३१ मार्च या काळांत दिवसाची वेळ सकाळीं साडेआठ ते संध्याकाळीं सहा असते, व महालाची रात्रीची भेट शुक्रवारीं व शनिवारीं आठ ते साडेनऊ. २५ डिसेंबर व १ जानेवारी या दोन दिवशीं सर्व बंद. वडील माणसांसाठीं सकाळीं दहाच्या सुमाराची वेळ आम्हांस उत्तम वाटते. त्याचें कारण असें कीं जानेवारींत तेथें सूर्यच मुळीं सव्वाआठ-साडेआठास उगवतो, आणि पहिल्या तासांत दगडी फरसबंदीवर दंव असतें.

दुसरा नियम कागदपत्रांचा. स्पेनसाठीं लागणारा शेंगेन व्हिसा प्रवासाच्या सहा महिने आधींपासून मागतां येतो व किमान पंधरा दिवस आधीं मागावाच लागतो. पण हिंवाळ्याच्या सुटींत जाणाऱ्यांनीं दिवाळीपूर्वींच हें काम उरकावें. पारपत्र दहा वर्षांच्या आंत दिलेलें असावें व परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालूं असावें. आजारपणाचा विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. घरांतील वडील माणसांच्या औषधांची यादी डॉक्टरांच्या सहीनें, औषधाच्या मूळ नांवासह जवळ ठेवावी. व्यापारी नांवें देशोदेशीं निराळीं असतात.

जाण्याचा मार्ग दोन प्रकारचा. माद्रिदला उतरून आगगाडीनें साडेतीन तासांच्या आंतबाहेर ग्रानादास पोंचतां येतें. जलद गाडी २०१९ पासून थेट गांवापर्यंत येते. अथवा समुद्रकिनाऱ्यावरील मालागा येथें उतरून मोटारबसनें सुमारें दोन तास. लांबच्या विमानप्रवासानंतर त्याच दिवशीं पुढें जाण्याची घाई करूं नये, इतकेंच सांगतों.

थंडीविषयीं आपल्या लोकांची कल्पना चुकीची असते. दक्षिण युरोप म्हणजे ऊब, असें समजून कित्येक जण एक स्वेटर घेऊन जातात. जानेवारींत येथें दुपारीं पारा बारा-तेरा अंशांपर्यंत चढतो व रात्रीं शून्याजवळ उतरतो. ऊन असतें तेथें शाल खांद्यावर येते, आणि गल्लीच्या सावलींत शिरतांच तीच शाल कानांवर ओढावी लागते. एक जाड कपडा घेण्यापेक्षां तीन पातळ गरम कपडे एकावर एक घालावे. साडी नेसणाऱ्या गृहिणींनीं आंत लोकरीचे पायमोजे घालावे व पायांत रबरी तळाचे बूट घालण्यास लाजूं नये. कारण जुन्या गांवांतील गल्ल्यांत गोटे बसविलेले आहेत, व ओले झाले म्हणजे ते निसरडे होतात. बिऱ्हाड घेतांना घर गरम करण्याची सोय व उद्वाहक आहे ना, हे दोन प्रश्न भाड्याच्याही आधीं विचारावे. चढावरील अल्बाइसीन वस्तींतील घरें मोहक खरीं, पण तेथें सामान घेऊन पायऱ्या चढाव्या लागतात. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनीं खालीं, प्लाझा नुएव्हा किंवा राणी इसाबेलच्या चौकाजवळ राहावें. त्या चौकांतून लहान बसगाड्या अल्हांब्रापर्यंत वर जातात.

चार दिवस मिळाल्यास ते असे वांटावे. पहिला दिवस खालच्या गांवांत. राजांचें प्रार्थनामंदिर १५०५ ते १५१७ या काळांत बांधलें गेलें. तेथें राणी इसाबेल व राजा फर्नांडो यांचीं संगमरवरी समाधिशिल्पें आहेत, व खालीं तळघरांत साध्या शिशाच्या पेट्या. वरचें वैभव पाहून चार पायऱ्या उतरल्यावर त्या पेट्या दिसल्या म्हणजे कोणाच्याही प्रवचनाची गरज राहत नाहीं. त्याच्या समोरच १३४९ मध्यें पहिल्या यूसुफानें स्थापन केलेली पाठशाळा, मद्रसा, आहे. शिक्षकी पेशाच्या माणसानें ती चुकवूं नये. दुसरा दिवस संपूर्ण अल्हांब्रास द्यावा. तिसऱ्या दिवशीं दारो नदीच्या कांठानें हळूहळू जावें, अकराव्या शतकांतील हमामखाना पाहावा, व दुपारनंतर सान निकोलास या उंचवट्यावर बसून समोरचा किल्ला व त्यामागील बर्फ पाहावें. संध्याकाळचें ऊन भिंतींवर पडतें तेव्हां त्या लाल होतात. ती वेळ सहाच्या आधींची. चौथा दिवस मोकळा ठेवावा. संयुक्त कुटुंबाच्या प्रवासांत मोकळा दिवस नसेल तर भांडण त्या दिवसाची जागा घेतें.

महालांत काय पाहावें याविषयीं एकच सूचना करितों. डोळे आधीं पाण्याकडे लावावे, मग नक्षीकडे. दारो नदीचें पाणी सुमारें सहा किलोमीटर लांबीच्या पाटानें या टेकडीवर आणलेलें आहे. तें नसतें तर बाग, हौद, कारंजें यांपैकीं कांहींच नसतें. सिंहांचा चौक चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धांत पांचव्या महंमदानें बांधविला. तेथील कारंजाची दुरुस्ती २०१२ मध्यें पुरी होऊन पाणी पुन्हां खेळूं लागलें. भिंतींवर अरबी अक्षरांत कोरलेल्या कवितांपैकीं कित्येक इब्न झमरक या दरबारी कवीच्या आहेत. त्यांपैकीं कांहींत ती वास्तु स्वतःच ‘मी’ म्हणून बोलते. आपल्याकडील शिलालेखांत राजाची प्रशस्ति असते. येथें भिंत आपलीच प्रशस्ति गाते. ‘ईश्वरावांचून कोणी विजयी नाहीं’ हें नासरी वंशाचें ब्रीद मात्र शेंकडों ठिकाणीं कोरलेलें आहे. ज्यांनीं तें कोरविलें त्यांचें राज्य गेलें, आणि ब्रीद भिंतीवर राहिलें.

आतां जेवणाविषयीं. शाकाहारी माणसाची तेथें उपासमार होत नाहीं, पण सावधपणा हवा. ‘मांस नको’ एवढें सांगून भागत नाहीं. डुकराचें खारवलेलें मांस तेथें मिठासारखें भुरभुरतात व तें मांसांत धरीत नाहींत. तें नको, मासळीही नको, असें वेगळें सांगावें. बटाट्याच्या ज्या जाड थालिपिठासारख्या पदार्थास तोर्तिया म्हणतात त्यांत अंडें असतें. हरभरे घातलेला पालक, भाजलेले चेस्टनट, दाट चॉकलेटांत बुडवून खावयाच्या चुरोस, हे हिंवाळ्याचे पदार्थ. सर्वांत आमच्या पसंतीस उतरलीं तीं तळलेलीं वांगीं. त्यांवर जो ‘उसाचा मध’ ओततात तो म्हणजे आपली काकवीच. या प्रांताच्या किनाऱ्यावर अरबांच्या काळापासून ऊस होता. तेथें तो २००६ पर्यंत गाळला जात असे. त्याच किनाऱ्यावर चिरिमोया नांवाचें फळ पिकतें व हिंवाळ्यांत बाजारांत येतें. वहिनींनीं तें हातांत घेऊन फोडलें आणि म्हणाल्या, “अहो, हें तर आपलें सीताफळ!” सख्खें नसलें तरी चुलत खरेंच.

संस्कृताचा अभ्यास असणारास त्या बाजारांत आणखी एक मौज आहे. साखरेस तेथें आसूकार म्हणतात. हा अरबींतून गेलेला आपला ‘शर्करा’ शब्द. संत्र्यास नारान्हा, म्हणजे ‘नारंग’. वांग्यास बेरेन्हेना, त्याच्या मुळाशीं ‘वातिंगण’. बुद्धिबळास आहेद्रेस, म्हणजे ‘चतुरंग’. हे चारही शब्द इराण व अरबस्तानच्या वाटेनें चालत तेथवर गेले. आपण विमानानें जाऊन ‘परक्या मुलखांत आलों’ म्हणतों, तेव्हां हे शब्द तेथें हजार वर्षांपासून घर करून बसलेले असतात.

शेवटची तयारी मनाची, आणि तीच बहुतेक राहून जाते. २५ नोव्हेंबर १४९१ रोजीं शेवटचा सुलतान बोआब्दिल व कॅथॉलिक राजदंपती यांच्यांत तह झाला. त्यांत मुसलमान रहिवाशांस त्यांचा धर्म, कायदा व मालमत्ता राखण्याचें वचन होतें. २ जानेवारी १४९२ रोजीं किल्ला ताब्यांत देण्यांत आला. त्याच वर्षीं ३१ मार्च रोजीं यहुद्यांस देशाबाहेर घालविण्याचा हुकूम याच ग्रानादांत निघाला. आणि १७ एप्रिलला जवळच्या सांता फे येथें पश्चिमेकडून हिंदुस्थानास पोंचूं पाहणाऱ्या कोलंबसाशीं करार झाला. तहांतील वचन दहा वर्षेंही टिकलें नाहीं. १४९९ पासून सक्तीचीं धर्मांतरें सुरू झालीं, आणि १६०९ ते १६१४ या काळांत त्या धर्मांतरितांच्या वंशजांसही देशाबाहेर काढण्यांत आलें.

दर वर्षीं २ जानेवारीस त्या घटनेचा उत्सव गांवांत होतो. निशाण मिरवितात, व किल्ल्याच्या बुरुजावरील मोठी घंटा लोक रांगा लावून वाजवितात. ती वाजविणाऱ्या कुमारिकेचें वर्षाच्या आंत लग्न ठरतें अशी समजूत आहे. त्याच दिवशीं हा उत्सव नको म्हणणारेही गांवकरी जमतात. पाहुण्यानें दोन्ही बाजू ऐकाव्या व आपलें मत घरीं आणावें. ‘आमच्याकडेही असेंच झालें’ असें म्हणून तेथल्या चौकांत इतिहासाचा तास घेणें शोभत नाहीं. ती खोड आमच्या पेशास आहे म्हणून मुद्दाम लिहितों. परंतु मुलें बरोबर असतील तर निघण्यापूर्वीं घरीं संध्याकाळीं हा तह व त्याचा भंग त्यांस अवश्य सांगावा. तें माहीत असलें म्हणजे त्या बुरुजावरील घंटेचा आवाज निराळा ऐकूं येतो.

वाचकांपैकीं कोणी विचारतील, आम्ही पुन्हां गेलों काय? अद्याप नाहीं, येत्या फेब्रुवारींत जाणार आहों. दादांस डॉक्टरांनीं लांबचा प्रवास वर्ज्य केला आहे, त्यामुळें ते येणार नाहींत. या खेपेस तिकिटाचा दिवस त्यांनींच ठरविला, आणि तोही एका बैठकींत : मंगळवार, सकाळीं दहा. त्यांनीं आम्हांस एक वही दिली आहे. तींत सतरा प्रश्न लिहिले आहेत; पहिला असा, कीं सिंहांच्या तोंडांतून पडणारें पाणी पुढें कोणत्या दिशेस जातें? ज्या घरांत असा कोणी वडीलधारा माणूस आहे व मनांत एखादें गांव आहे, त्यांनीं मुहूर्ताची वाट न पाहतां आज संध्याकाळीं दिवस ठरवावा. बाकीचे वाद तिकीट काढल्यावर करावे. त्यास पुष्कळ वेळ असतो.